कानातल्या माइट्ससाठी मानेवरचं औषध: सात महिन्यांनंतर

औषध टाकायचं मानेवर आणि किडे मरणार कानातले, हे ऐकून मी डॉक्टरांना दोनदा विचारलं होतं. आता सेलामेक्टिन या परजीवीनाशकाचं स्पॉट-ऑन (कातडीवर एकाच जागी सोडायचं औषध) दोन मांजरांवर सात महिने वापरून झालंय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

बंड्या, म्हणजे आमचा बोका, दिवसभर डोकं झटकायचा आणि मागच्या पायाने कान ओरबाडायचा. कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट, कोरडा मळ. मला वाटलं, नुसती घाण. दोन आठवडे इअरबडने कोरत बसले आणि निम्मा मळ आत ढकलून ठेवला. डॉक्टरांनी त्यातलाच थोडा मळ तेलाच्या थेंबात घालून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. अर्धा मिलिमीटरही नसलेले पांढुरके जीव त्यात वळवळत होते. हेच कानातले माइट्स, म्हणजे बारीक परजीवी; ओटोडेक्टिस सायनोटिस हे त्यांचं शास्त्रीय नाव. (एका अमेरिकन पशुवैद्याने मांजराच्या कानातले हे माइट्स मुद्दाम स्वतःच्या कानात घालून पाहिले होते. त्याला आत खरवडल्यासारखे आवाज ऐकू यायचे. १९९४ साली त्याला या उद्योगाबद्दल इग नोबेल हे गमतीदार संशोधनासाठीचं पारितोषिक मिळालं. ते वाचल्यापासून बंड्याचा ओरबाडा खाल्ला तरी मी त्याला रागावत नाही.)

कानाचा पडदा शाबूत आहे ना, हे बघून डॉक्टरांनी आधी कानात घालायचे थेंब दिले होते. रोज टॉवेलात गुंडाळायचं, थेंब सोडायचे, बुडाशी चोळायचं, मग त्याने डोकं झटकलं की निम्मं औषध माझ्या चष्म्यावर. दहाव्या दिवशी कान लख्ख दिसले आणि मी थेंब बंद केले. चूक माझीच. अंड्यातून निघून माइट मोठा व्हायला साधारण ३ आठवडे लागतात, आणि अंड्यांवर बहुतेक औषधं चालत नाहीत. महिन्याभरात बंड्या पुन्हा ओरबाडायला लागला.

दुसरी चूक चिंगीची. म्हणजे माझीच, तिच्या बाबतीतली. ती कधी खाजवायची नाही, म्हणून तिला तपासलंच नव्हतं. तिच्या कानातही माइट्स निघाले! दोघं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपतात, त्यामुळे एकट्या बंड्यावर केलेले उपचार वायाच जाणार होते. घरात कुत्रा असेल तर तोही धरायचा, कारण हेच माइट्स कुत्र्यांनाही होतात.

मग आलं स्पॉट-ऑन. वजनाप्रमाणे नळी निवडायची, खांद्यांच्या पुढे मानेच्या बुडाशी केस बाजूला सारायचे आणि औषध थेट कातडीवर सोडायचं. तिथे जीभ पोचत नाही. औषध कातडीतून रक्तात जातं आणि तिथून कानापर्यंत पोचतं. पहिल्या वेळी मी ते केसांवरच ओतलं, त्यात बंड्याने सोफ्याला मान घासली. दुसऱ्या महिन्यापासून हात बसला. कान धरायचे नाहीत, टॉवेल नाही, तीस सेकंदांत काम संपतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्याला पाचपैकी साडेचार गुण देईन.

खाजवणं आठवड्याभरात निम्म्यावर आलं. पण जुना मळ आपोआप जात नाही, तो कान धुवायच्या द्रावणाने आणि कापसाने हळूहळू काढावा लागला. बंड्याच्या कानात वर यीस्टचाही संसर्ग होता, त्याला हे औषध काही करत नाही. त्यासाठी वेगळे थेंब घालावेच लागले, आणि लाली जायला आणखी काही दिवस गेले. दुसऱ्या डोसनंतर डॉक्टरांनी पुन्हा मळ तपासला, तेव्हा एकही माइट नव्हता. पुढचे डोस पिसवांसाठी म्हणून चालू ठेवले, माइट्स परत आलेले नाहीत.

तक्रारी आहेत. औषधाला स्पिरिटसारखा वास येतो. दिवसभर मानेवरचे केस चिकटून टोकदार राहतात. चिंगीच्या मानेवर चवलीएवढं टक्कल पडलं होतं, ते दीड महिन्यात भरलं. एकदा बंड्याने तिची ओली मान चाटली आणि तोंडाला फेस आणला. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले कडू लागलं असेल, लक्ष ठेवा. तासाभरात तो जेवायला हजर. तेव्हापासून औषध वाळेपर्यंत दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवते.

आधी ओळखीतल्या एकाने ‘कुत्र्याचं शिल्लक आहे, थोडं टाक’ असं सुचवलं होतं. कुत्र्यांच्या काही स्पॉट-ऑनमध्ये परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेततं. टी ट्री तेलही मांजरांना विषारी आहे, ‘नैसर्गिक’ म्हणून कानात घालू नका.

नळीचं झाकण दाबलं की टक्क वाजतं. बंड्या आता त्या आवाजालाच पलंगाखाली पळतो, म्हणून मी ते स्वयंपाकघरात जाऊन दाबते.