भरतकाम पूर्ण झालं: रिंगमध्येच ठेवावं की बोर्डवर ताणून फ्रेम करावं?

शेवटचा टाका घातला, दोऱ्याचं टोक मागच्या टाक्यांखालून ओवून कापलं, की भरणं संपतं. पण ते कापड भिंतीवर लावण्याजोगं करायचं काम अजून बाकी असतं, आणि नवशिक्यांचे कितीतरी सुंदर नमुने इथेच अडून कपाटात घडी होऊन पडतात. उशीचा अभ्रा किंवा पिशवी करायची असेल तर तो शिवणकामाचा विषय, तो इथे घेत नाही. भिंतीवर लावायचं असेल तर मुख्य रस्ते दोन: ज्या रिंगमध्ये (कापड ताणून धरणाऱ्या, एकात एक बसणाऱ्या आणि स्क्रूने आवळायच्या दोन गोल कड्यांत) भरलं त्यातच ठेवायचं, नाहीतर बोर्डवर ताणून फ्रेममध्ये घालायचं. मी दोन्ही केलंय.

कुठलाही रस्ता घेतला तरी आधी कापड धुवावं लागतंच. पाण्याने जाणाऱ्या पेनच्या खुणा इस्त्रीच्या आधी थंड पाण्यात पूर्ण घालवाव्यात, कारण उष्णतेने त्या पक्क्या बसू शकतात. उष्णतेने पुसणारं पेन वापरलं असेल तर उलटा धोका: खुणा गेल्यासारख्या दिसतात आणि गारठ्यात परत उमटतात. इस्त्री करताना जाड टॉवेलवर कापड पालथं ठेवायचं, म्हणजे गाठीचे टाके आणि सॅटिन टाक्याचा (शेजारी-शेजारी घालून जागा भरणाऱ्या टाक्याचा) उठाव चेपत नाही.

रिंगची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर सोपी आहे. नमुना मध्यावर आणून स्क्रू वरच्या बाजूला घ्यायचा, तीनेक सेंटीमीटर कापड सोडून बाकीचं कापायचं, कडेने दुहेरी दोऱ्याचा धावदोरा घालून आवळायचं आणि मागे फेल्टचा (जाड, नमद्यासारख्या कापडाचा) गोल तुकडा शिवायचा. एका बैठकीत होतं. रिंगची लाकडी कड नमुन्याला शोभतेही, गोल पानाफुलांच्या नमुन्याला तर फारच. गोंदाने चिकटवायचा मोह मात्र टाळावा. काही वर्षांनी तो पिवळा पडू शकतो आणि डाग पुढच्या बाजूला येतो.

माझं रिंगशी बिनसलं ते ढिलाईवरून. लावताना कापड बोटाने टिचकी मारली तर वाजेल इतकं ताणलेलं असतं. काही महिन्यांनी, विशेषतः हवा दमट झाली की, खालच्या अर्धगोलात बारीक लाट दिसायला लागते. स्क्रू आवळून ती जात नाही, कारण कापड आधीच सुटलेलं असतं. ते मागून ओढावं लागतं. आणि मागे तर आपण फेल्ट शिवून बसलेलो. फेल्ट उसवून कापड ओढलं, तर जिथे ओढाल तिथला उभा-आडवा धागा तिरका होतो. फुलांच्या नमुन्यात हे खपून जातं. अक्षरं असतील किंवा मोजून घातलेले क्रॉस स्टिच असतील, तर ओळ वाकडी झालेली लांबूनही कळते. आतल्या रिंगला सुती पट्टी गुंडाळली तर पकड बरीच सुधारते, पण माझ्या अनुभवात मोठ्या रिंगमध्ये लाट थांबली नाही, फक्त उशिरा आली. शिवाय वर काच नाही, त्यामुळे पांढऱ्या कापडावर धूळ बसते ती वेगळीच.

बोर्डवर ताणायचं काम वेळखाऊ आहे, हे मान्य करायलाच हवं. आम्लरहित माउंट बोर्ड किंवा फोम बोर्ड मापात कापायचा, कापड वर ठेवून बोर्डच्या जाडीत टाचण्या खोचायच्या: प्रत्येक बाजूच्या मध्यापासून सुरुवात आणि मग कोपऱ्यांकडे. कापडाचा एक धागा बोर्डच्या कडेला समांतर धावतोय ना, हे इथे डोळे लावून बघायचं. मग मागे वळवलेल्या कापडाच्या कडांतून मजबूत दोरा वरच्या कडेतून खालच्या कडेत, पुन्हा वर, असा नागमोडी ओवत जायचं. एक दिशा झाली की दुसरी. शेवटी बाज आवळतात तसा एकेक वेढा ओढत सगळी ढील टोकाला आणायची आणि गाठ मारायची. बोटं दुखतात आणि संध्याकाळ त्यात जाते.

पण मला पटलं ते हे, की ताण एका स्क्रूवर न राहता सगळ्या वेढ्यांत वाटला जातो. पुढे सैल वाटलंच तर मागून गाठ सोडून पुन्हा आवळता येतं, धागा तिरका न होता. धुवायला काढायचं तरी कापड शाबूत निघतं. फ्रेमला काच लावणार असाल तर काच आणि कापड यांत अंतर ठेवायला सांगा, नाहीतर गाठीचे टाके चपटे होतात.

तळहाताएवढा नमुना असेल, उद्या कुणाला भेट द्यायचा असेल, तर रिंग जरूर वापरा. लहान रिंगमध्ये कापड फारसं सुटत नाही. ज्या कामावर महिनोन् महिने बसलात, त्यासाठी मात्र मी बोर्डच सुचवेन. अजून निर्णय होत नसेल तर पुढचं कापड कापताना नमुन्याच्या चारही बाजूंना सात-आठ सेंटीमीटर जागा सोडा. तेवढ्या कापडात रिंगही होते आणि बोर्डही.