दगडफूल: मसाल्याला घ्या, कॅप्सूलमधून नको

जुन्या नाशकातल्या मसाला-काष्ठौषधींच्या दुकानांत दगडफूल दोन रूपांत मिळतं: पोत्यातलं सुटं आणि पुडीतलं ‘शैलेय चूर्ण’. तिसरं रूप ऑनलाइन, उस्निया या दगडफुलाच्याच भाऊबंदाच्या कॅप्सूल. सुट्या मालाला पाचपैकी चार, चूर्णाला एक, कॅप्सूलला शून्य.

सुटा माल निदान डोळ्यांनी पारखता येतो. पाकळी वरून राखाडी-हिरवट, खालून काळी आणि बोटांत चुरचुरणारी हवी. वाकवली तरी मोडत नसेल तर माल सर्दलेला आहे. पैसे पाण्याच्या वजनाचे जातात आणि डब्यात बुरशी धरते. हिमालयातलं दगडफूल बरंचसं झाडांच्या सालीवरून उतरवतात, त्यामुळे सालपटं आणि काड्या निघणारच. कागदावर पसरून निवडा, मग चाळा. हा कंटाळा केला की काळा मसाला दाताखाली कचकचतो. १ किलो धन्यांना २५ ग्रॅम पुरे. चमचाभर तेलात, मंद आचेवर, सगळ्यात शेवटी परता आणि वास सुटताच उतरवा. करपलं तर अख्खा मसाला कडू.

एक गुण कापला तो भेसळीमुळे. पोत्यात एकाच जातीचा माल क्वचितच असतो. रुंद पाकळ्यांचं पार्मोट्रेमा परलॅटम आणि अरुंद पट्ट्यांचं हायपोट्रॅकिना सिऱ्हाटा सर्रास एकत्र येतात. वरचा थर खरवडून आतल्या पांढऱ्या भागावर १० टक्के कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, तीव्र अल्कली) द्रावणाचा थेंब टाकला, की पहिल्यात स्टिक्टिक आम्लामुळे पिवळा-नारिंगी रंग येतो. दुसऱ्यात सॅलाझिनिक आम्लामुळे पिवळा येऊन रक्तासारखा लाल होतो. (हातमोजे घाला, तो तुकडा फेकून द्या.) मसाल्यात ही सरमिसळ खपून जाते. औषधात नाही, कारण घटकच बदलतात. चूर्णात तर पाकळीच उरत नाही, मग पारखायचं काय?

आता औषधी दाव्यांबद्दल. सगळा बोलबाला उस्निक आम्लाचा. ते १८४४ मध्येच वेगळं केलं गेलं. स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंवर आणि क्षयाच्या जंतूवर ते प्रयोगशाळेत चालतं, हे खरं. पण ते मिळतं झाडावरून लोंबणाऱ्या उस्नियात. मसाल्याच्या परलॅटममधले मुख्य घटक अ‍ॅट्रॅनोरिन आणि स्टिक्टिक आम्ल. शिवाय उस्निक आम्ल पाण्यात जवळपास विरघळत नाही. प्रयोगात अर्क काढायला अ‍ॅसिटोनसारखा द्रावक वापरतात, त्यामुळे काढा उकळून तो परिणाम येईल ही आशा फोल आहे.

कॅप्सूलला शून्य देण्याचं कारण यकृत. उस्निक आम्ल पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा साठवण्याची साखळी तोडते. ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. वजन घटवायला ते विकलं गेलं ते याच जोरावर. सोडियम उस्निएट (उस्निक आम्लाचा क्षार) असलेल्या लिपोकायनेटिक्स या गोळीमुळे यकृताला इजा झाल्यावर २००१ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने ती न घेण्याचा इशारा दिला. त्यात दगडफुलाला मुळं नसतात, हवेतलं शिसं-कॅडमियम ते थेट शोषून साठवतं. लेबलवर जात, उस्निक आम्लाचं प्रमाण आणि जड धातूंची चाचणी यांपैकी काहीही नसेल, तर पाकीट परत करा. कुणी आधीच घेत असेल आणि डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली, तर कॅप्सूल बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांकडे, पाकीट सोबत घेऊन.