उजनीवरची पक्षीसफर: वेंगुर्ल्याची वल्ही की भिगवणचं इंजिन?

करमाळा तालुक्यात केत्तूर-कुगावच्या बाजूला उजनी धरणाच्या पाणफुगवट्यावर गावानेच पक्षीसफर चालवावी, असा विचार तिथली काही पोरं करतायत. त्यांच्यासमोर दोन नमुने आहेत. एक पलीकडच्या काठावरचा, भिगवण-कुंभारगावचा, इंजिनाच्या होड्यांचा. दुसरा लांबचा, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतला. तिथे स्वामिनी बचतगटाच्या बायका २०१७ पासून कांदळवनात, म्हणजे खारफुटीच्या जंगलात, वल्ह्याच्या होडीने पाहुणे फिरवतात. मी सोलापूरचा, दोन्हीकडे गेलेला. माझा कल वेंगुर्ल्याकडे आहे, पण तो नमुना जसाच्या तसा उचलता येणार नाही.

आधी पाण्याचं बघा. कांदळवनातली खाडी आडोशाची असते. दोन्ही बाजूंना तिवरं, त्यामुळे वारा अडतो आणि वल्ह्यावर भागतं. वेळ ठरते भरती-ओहोटीवर. भरतीला चिंचोळ्या फाट्यांत होडी शिरते, ओहोटीला चिखलातून वर आलेली श्वासमुळं दिसतात. उजनीला भरती नाही आणि आडोसाही नाही. मैलभर उघडं पाणी, त्यावर उन्हाळ्यात अचानक उठणारं वावटळ. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली होडी अशाच वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. कुगावच्या माणसांना हे मी सांगायला नको. म्हणून नुसत्या वल्ह्यांवर मोठं पाणी ओलांडायचा विचारही करू नका.

मग भिगवणसारखं इंजिन? अंतर कापायला हवंच. पण फ्लेमिंगो उथळ पाण्यात मान उलटी घालून, चोचीने पाणी गाळत खातो. त्याला उडायला पाण्यावर बरंच धावावं लागतं. आवाजाने थवा उठला की खाणं मोडतं, ताकद वाया जाते. एकदा आमच्याच होडीतल्या पाहुण्यांनी उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून होडी थव्यात घालायला लावली होती. फोटो मिळाला, पण थवा परत त्या जागी उतरला नाही. मागून आलेल्या होडीला नुसतं पाणी दिसलं.

मधला मार्ग ओडिशात चिलिका सरोवराच्या काठी, मंगलाजोडीत सापडतो. तिथे उथळ पाणथळीत बांबूने रेटत होडी नेतात. वाटाड्यांतले कित्येक जण एके काळी पक्षी मारणारे होते. आपल्याकडेही थव्यापासून लांबच इंजिन बंद करून पुढे बांबूने रेटता येईल. भोई समाजाच्या हाताला ते काम नवं नाही.

पैशाचं वेगळंच आहे. कांदळ बारमाही हिरवं असतं, त्यामुळे पावसाळा सोडला तर वेंगुर्ल्यात सफर चालते. उजनीला फ्लेमिंगो येतो तो पाणी ओसरून चिखल उघडा पडायला लागल्यावर, साधारण जानेवारी ते मार्च-एप्रिल. त्यातही धरणातून पाणी कधी आणि किती सुटेल, ते आपल्या हातात नाही. म्हणून कर्ज काढून नवी होडी घेऊ नका. चिलापी माशाचं जाळं चालू ठेवा, सफर हा जोडधंदाच राहू द्या.

बचतगटाकडून घ्यायची खरी गोष्ट म्हणजे एकत्र हिशेब. ज्याची होडी त्याचं गिऱ्हाईक असं झालं की दर पाडापाडी सुरू होते, आणि पाहुण्याला खूश करायला जो तो थव्याच्या आणखी जवळ जातो. पाळी लावली, पैसा एका पेटीत जमा केला, तर ‘एवढ्याच्या पुढे होडी जाणार नाही’ असं म्हणायला नावाड्याला बळ येतं. जेवण बायकांच्या गटाकडे द्या. पिठलं-भाकरी, माशाचं कालवण आणि शेंगाचटणी एवढं पुरे.

गिऱ्हाईक भिगवणकडे पुण्याहून येतं, त्याच्या मागे लागू नका. सोलापूरकडून रेल्वेने जेऊर-पारेवाडीला उतरता येतं, आणि सोलापूरच्या शाळांतल्या कितीतरी पोरांनी उजनीचं पाणी फक्त नळातून पाहिलंय. पहिल्या हंगामात चारच होड्या, सकाळच्या फेऱ्या, होडीत बसणाऱ्या प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट. वारा उठला तर फेरी रद्द आणि पैसे परत. जॅकेटांची खरेदी दिवाळीआधी उरकली तर जानेवारीच्या पहिल्या थव्यापर्यंत नावाड्यांचा सरावही होईल.