विक्रीला काढलेल्या रिकाम्या घराची देखरेख-सेवा : सात महिन्यांचा अनुभव

आईवडिलांच्या पश्चात त्यांचे घर विकायचे ठरले, सामान हलवून झाले, आणि मग लक्षात आले की व्यवहार पूर्ण होईपर्यंत त्या घराकडे पाहणारे कोणीच उरलेले नाही. आम्ही तिघेही भावंडे दूर राहतो आणि शेजारच्या आजी वयस्कर आहेत. म्हणून रिकाम्या घरांची देखरेख करणाऱ्या एका कंपनीची सेवा घेतली आणि घर नव्या मालकाच्या ताब्यात जाईपर्यंत, म्हणजे सात महिने, ती चालू ठेवली. माझ्या काही तक्रारी असल्यामुळे कंपनीचे नाव देत नाही. मत मात्र आधीच सांगून टाकते : दारे, खिडक्या आणि पाणी यांची काळजी या मंडळींनी चांगली घेतली, पण किल्ल्यांचा हिशेब त्यांना शेवटपर्यंत जमला नाही, आणि घर विक्रीला असताना किल्ल्यांचा हिशेब म्हणजेच निम्मा बंदोबस्त असतो.

नुसते कुलूप लावून बंद ठेवलेल्या घरात कोणी येऊ नये एवढीच मालकाची इच्छा असते. विक्रीला काढलेल्या घरात कोणीतरी यावे म्हणून तोच मालक धडपडत असतो. फाटकावर पाटी लागते, रिकाम्या खोल्यांचे फोटो जाहिरातीत झळकतात आणि अनोळखी माणसे खिडक्या उघडून, कपाटे उघडून पाहून जातात. या दोन्ही गरजा एकाच वेळी सांभाळायच्या असल्याने कोणती सेवा घ्यायची हे ठरवताना मी दोनच गोष्टी विचारल्या होत्या : दर आठवड्याला माणूस प्रत्यक्ष घरात शिरतो का, आणि घर दाखवून झाल्यावर दार नीट बंद झाले की नाही हे कोण पाहते. पहिल्या प्रश्नाला स्पष्ट होकार मिळाला. दुसऱ्याला जे मोघम उत्तर मिळाले, तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते.

पहिल्या भेटीला आलेल्या तंत्रज्ञाने केलेले काम या सेवेतले सर्वांत मोलाचे काम ठरले. मी नवीन, भारी कुलूप घ्यायच्या तयारीत होते. त्याने कुलपाकडे फारसे पाहिलेच नाही. कुलपाचा दांडा चौकटीतल्या ज्या धातूच्या पट्टीत जाऊन बसतो, त्या पट्टीचा एक स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवला. तो जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा होता आणि त्याच्या आट्यांमध्ये चौकटीच्या वरच्या फळीचा भुसा अडकलेला होता. जोराची लाथ बसली तर कुलूप शाबूत राहते आणि चौकट फाटते, हे त्याने एका वाक्यात सांगितले. मग चारही स्क्रू बदलून ७५ मिलिमीटरचे बसवले, जे चौकट ओलांडून मागच्या भक्कम आधारापर्यंत पोहोचतात. कुलपाचा दांडा पुरता २५ मिलिमीटर बाहेर येतो की नाही हेही मोजले; मागच्या दाराचा तो येत नव्हता, कारण दार फुगून खाली बसले होते आणि दांडा खाचेच्या कडेला घासून अर्ध्यावरच थांबत होता. बिजागरीचे स्क्रू आवळल्यावर तो सरळ बसला. या सगळ्याला तासभरही लागला नाही.

याच भेटीत दारांवर चुंबकी सेन्सर बसवले गेले. त्याचे तत्त्व साधे आहे : दारावर एक चुंबक, चौकटीवर एक छोटी कळ, आणि दोघे एकमेकांपासून काही सेंटिमीटर दूर झाले की दार उघडल्याची नोंद वेळेसह होते. पण हा सेन्सर दार मिटले आहे एवढेच सांगू शकतो, कुलूप लागले आहे का हे त्याला कळत नाही, आणि विक्रीच्या काळात नेमकी हीच अडचण येते. घर दाखवणारे एजंट बहुधा घाईत असतात. बाहेर पडताना दार ओढून घेतात, लॅच खटकन बसते आणि ते निघून जातात. किल्ली फिरवून दांडा बाहेर काढला नसेल, तर अशी साधी स्प्रिंगची लॅच प्लॅस्टिकच्या पातळ कार्डानेही मागे ढकलता येते. साप्ताहिक भेटींच्या अहवालांत ‘दार फक्त ओढलेले आढळले, कुलूप लावले’ अशी नोंद सात महिन्यांत पाच वेळा आली. भेटी आठवड्यातून एकदाच असल्याने त्या पाच वेळा घर किती दिवस नुसत्या लॅचवर उभे होते याचा हिशेब मी मुद्दामच केला नाही.

किल्लीपेटीबद्दल माझी तक्रार अधिक गंभीर आहे. एजंटांना किल्ली मिळावी म्हणून कंपनीने प्रवेशदाराच्या बाजूला दहा बटणांची एक यांत्रिक पेटी लावली आणि तिला चार आकड्यांचा संकेत दिला. चार आकडे म्हणजे दहा हजार शक्यता, असे मी गृहीत धरले होते. पण या प्रकारच्या पेटीत बटणे कोणत्याही क्रमाने दाबली तरी चालतात आणि एक बटण एकदाच वापरता येते. त्यामुळे चार आकड्यांच्या शक्यता उरतात फक्त २१०. त्यातही, दोन महिन्यांनी मी स्वतः गेले तेव्हा दहापैकी सहा बटणांवर धुळीचा पातळ थर होता आणि चार बटणे बोटे लागून चकचकीत झाली होती. क्रमाला महत्त्व नसल्यामुळे ती चार बटणे दिसणे म्हणजे संकेत दारावर लिहून ठेवण्यासारखेच होते! संकेत दर पंधरवड्याला बदलू असे करारात लिहिलेले होते. माझ्या त्या भेटीपर्यंत तो एकदाही बदललेला नव्हता. अशी पेटी घ्यायचीच असेल तर चाकांवर आकडे क्रमाने जुळवायची घ्यावी, ती रस्त्यावरून दिसणार नाही अशा ठिकाणी लावावी आणि तिच्यात एकाच दाराची किल्ली ठेवावी. आमच्या पेटीत मागच्या दाराची आणि गॅरेजची किल्लीही त्याच कडीत अडकवलेली होती.

साप्ताहिक अहवाल छायाचित्रांसह येत आणि सुरुवातीला ते वाचून बरे वाटे : खिडक्यांच्या कड्या, छताचे कोपरे, नळांखालच्या कोरड्या फरश्या, टपालपेटी रिकामी केल्याचा फोटो. तिसऱ्या महिन्यातल्या एका अहवालात भेटीची वेळ सकाळी साडेदहाची दिली होती, पण मागच्या खोलीच्या फोटोत गजांची सावली जमिनीवरून सरकत थेट समोरच्या भिंतीवर चढलेली होती. त्या खोलीला एकच खिडकी आहे आणि ती पश्चिमेला आहे. लहानपणी त्याच उन्हात बसून मी अभ्यास केलेला असल्याने ते ऊन तिथे किती वाजता येते हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. दाराच्या सेन्सरची नोंद काढली, तर त्या दिवशी दार उघडलेच नव्हते. फोटो आधीच्या आठवड्याचे होते. कंपनीने चूक लगेच मान्य केली, त्या भेटीचे पैसे परत केले, माणूस बदलला आणि तेव्हापासून प्रत्येक अहवालासोबत सेन्सरची नोंद जोडायला सुरुवात केली. तक्रारीवर इतक्या सरळपणे वागणारे थोडेच भेटतात, म्हणून याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. तरीही ही नोंद अहवालाला पहिल्या दिवसापासून जोडलेली असावी, असा आग्रह कोणत्याही ग्राहकाने करारावर सही करण्यापूर्वीच धरावा. अनेक घरविमा पॉलिसींमध्ये घर सलग ३० किंवा ६० दिवस रिकामे राहिले तर चोरी, नासधूस किंवा पाण्याने झालेले नुकसान यांचे संरक्षण कमी होते किंवा थांबते, आणि घराची नियमित तपासणी होत होती हे दाखवायची वेळ आली तर वेळेची खरी नोंदच उपयोगी पडते. घर रिकामे झाल्याचे विमा कंपनीला आम्ही लेखी कळवले होते. ते प्रत्येकाने कळवावे.

हालचाल टिपणाऱ्या सेन्सरने एकदाच धोक्याचा इशारा दिला आणि तो खोटा असूनही उपयोगी ठरला. हा सेन्सर समोरच्या दृश्यातल्या अवरक्त किरणांमध्ये, म्हणजे उष्णतेत होणारा बदल ओळखतो. काचेपलीकडचा माणूस त्याला दिसत नाही, पण उन्हाने तापलेला पडदा वाऱ्याने हलला तर तो फसू शकतो. दुपारी इशारा आला, वीस मिनिटांत माणूस पोहोचला आणि पडदाच हलत होता असे कळले. पडदा हलत होता, कारण सकाळी घर पाहायला आलेल्या कोणीतरी खिडकी उघडून ती तशीच सोडली होती. त्या दिवसानंतर घर दाखवून झाल्यावर सर्व खिडक्यांचा एकेक फोटो पाठवण्याची अट मी एजंटांनाच घातली.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. घरातले इंटरनेट बंद केलेले असल्याने सिमकार्डावर चालणारा, बॅटरीचा कॅमेरा दिला गेला, ही निवड योग्य होती. मात्र तो आवाजही नोंदवत होता आणि खरेदीदार दिवाणखान्यात उभे राहून किती भाव द्यायचा याची आपापसांत चर्चा करताना मला ऐकू येत होते. हे मला अप्रामाणिकपणाचे वाटले, आणि न सांगता आवाज नोंदवणे बऱ्याच ठिकाणी कायद्यातही बसत नाही. मी आवाज बंद करायला लावला आणि कॅमेरा असल्याची पाटी दारावर लावली. पाटीने निदान तितकाच बंदोबस्त केला असावा.

घरात कोणी राहते असे वाटावे म्हणून दोन दिव्यांना टायमर लावले होते. ते जुन्या पद्धतीचे, गोल तबकडीचे होते. तबकडीच्या कडेला ९६ खुंट्या, प्रत्येक खुंटी पंधरा मिनिटांची. संध्याकाळी सात ते साडेदहा दिवा लागायचा. एकदा वीज चार तास गेली आणि घड्याळ तितकेच मागे पडले, त्यामुळे दिवा रात्री अकराला लागून अडीचला विझू लागला. शेजारच्या आजींचा फोन आला, “अगं, तुमच्या घरात मध्यरात्री कोण जागत असतं?” तीन भेटींमध्ये हे कोणाच्या लक्षात आले नव्हते, कारण भेटी दिवसा होत. नंतर बसवलेल्या डिजिटल टायमरमध्ये स्वतःची बॅटरी आहे आणि तो रोज काही मिनिटे पुढेमागे दिवा लावतो.

पाण्याच्या बाबतीत काही म्हणण्यासारखे नाही, आणि तेच कौतुक. मुख्य व्हॉल्व्ह बंद ठेवला, दर भेटीत मोऱ्यांमध्ये तांब्या-तांब्या पाणी ओतले जेणेकरून जाळीखालच्या वाकड्या नळीतले पाणी सुकून गटाराचा वास आणि किडे वर येऊ नयेत. वीज मात्र तोडू दिली नाही, हा त्यांचा सल्ला बरोबर होता.

जाहिरातीच्या फोटोंकडे या सेवेने लक्ष दिले नाही. एजंटाने टाकलेल्या एका फोटोत स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर किल्ल्यांचा जुडगा स्पष्ट दिसत होता. किल्लीच्या फोटोवरून तिचे दाते मोजून दुसरी किल्ली बनवता येते, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले आहे. फोटो काढून टाकायला लावला, पण तो नऊ दिवस जाहिरातीत होता.

ताबा देण्याच्या आदल्या दिवशी किल्ल्या मोजल्या. सुरुवातीला मी नऊ किल्ल्या दिल्याची पोच माझ्याकडे होती; परत आल्या सात. उरलेल्या दोन कोणाकडे आहेत याबद्दल कंपनीच्या नोंदवहीत ‘एजंट’ एवढाच शब्द होता, आणि त्या काळात घर दाखवणारे एजंट चार होते. नव्या मालकांना मी हे सांगितले, सकाळी पुढच्या आणि मागच्या दाराच्या कुलपांचे सिलिंडर, म्हणजे किल्ली जिथे फिरते तो भाग, बदलून घेतले आणि नव्या किल्ल्या पाकिटासकट त्यांच्या हाती दिल्या. खर्चाची मागणी कंपनीकडे केली. त्यांनी निम्मा दिला. जुनी सिलिंडरे आणि त्या सात किल्ल्या माझ्या टेबलाच्या खणात आहेत. बाकीच्या दोन अजून आलेल्या नाहीत.