कॅम्परव्हॅनच्या नावाखाली ३,५४,००० रुपये लुबाडले, वाशीतल्या एजंटपासून सावध राहा

न्यूझीलंडला गाडीने फिरायचं आणि खर्चही आवाक्यात ठेवायचा तर कॅम्परव्हॅनसारखा दुसरा मार्ग नाही, हे मी आजही म्हणेन. झोपायची सोय गाडीत, शेगडी गाडीत, वाटेतल्या सुपरमार्केटमधून तांदूळ-भाजी घेतली की बाहेरच्या जेवणाचा खर्च वाचतो. ठाण्यातल्या आमच्या घरचा हिशेब माझ्याकडे असतो. सहलीचा पैसा मी आरडीत टाकून साठवला होता. तो वाशीत सेक्टर १७ला ऑफिस थाटून बसलेल्या एका एजंटने गिळला.

कुणी म्हणेल, स्वस्ताईला भुललात. मुळीच नाही. गाडी, पिक्टन ते वेलिंग्टन फेरी आणि विमा धरून माझा स्वतःचा हिशेब ३,८९,००० रुपयांचा होता. एजंटने ३,४७,५०० सांगितले. डिसेंबर म्हणजे तिकडचा गर्दीचा हंगाम, एजंट लोक गाड्या आधीच अडवून ठेवतात, त्यामुळे एवढा फरक कुणालाही पटला असता. भिंतीवर जीएसटीचं प्रमाणपत्र होतं, समोर दोन मुली कॉम्प्युटरवर काम करत होत्या. अशा ठिकाणी माणूस संशय कशावरून घेणार?

पण एक क्षण होता, आणि तो माझ्या डोक्यातून जात नाही. मी क्यूआर कोड स्कॅन केला तर मोबाइलवर कंपनीचं नाव न येता कुणा माणसाचं नाव आलं. शेजारी बसलेली माझी मुलगी म्हणाली, "आई, हे नाव वेगळंच आहे." एजंट लगेच हसून म्हणाला, "मॅडम, कंपनीच्या खात्यात घेतले तर पॅकेज धरून पाच टक्के टीसीएस कापावा लागेल, तुमचे १७,३७५ रुपये उगाच अडकतील." टीसीएस म्हणजे एजंटने आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा आयकर; तो बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो, हे मला पक्कं माहीत होतं. तरीही चारचौघांत वाद नको म्हणून मी मुलीलाच गप्प केलं आणि पिन टाकला. ५०,००० त्या दिवशी. पुढे यूपीआयची मर्यादा सांभाळत १,००,०००, पुन्हा १,००,००० आणि शेवटी ९७,५००. मोठ्या रकमेसाठी चालू खात्याचा नंबर देऊन एनईएफटी करा, असं तो एकदाही म्हणाला नाही.

शिवाय आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिटचे म्हणून ६,५०० वेगळे घेतले. आरटीओत त्याची सरकारी फी १,००० रुपये आहे, आणि आपलं लायसन्स इंग्रजीत असेल तर न्यूझीलंडला ते लागतही नाही.

न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चला गाडीच्या कंपनीच्या काउंटरवर उभं राहिल्यावर कळलं की एजंटने दिलेल्या व्हाउचरवरचा बुकिंग नंबर त्यांचा नाहीच. मागे रांग, सोबत सासूबाई, मुलगी रडवेली झालेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एजंट फोनवर म्हणाला, "सिस्टिममध्ये दिसायला वेळ लागतो." त्यानंतर फोन बंद. त्या हंगामात दुसरी व्हॅन मिळेना. साधी गाडी घेतली, रोज मोटेल शोधलं, आणि २,६८,००० रुपये जास्तीचे गेले. उत्तर बेट रद्दच केलं.

खऱ्या व्हाउचरवर काय असतं ते आता ऐका. अनामत किती अडकवणार, अपघात झाला तर पदरचे किती भरायचे, मुख्य चालकाचं नाव, डिझेल गाडी असेल तर किलोमीटरमागे लागणारा रस्ता-कर. आमच्या कागदावर यातलं काहीच नव्हतं, "सर्व समाविष्ट" एवढंच. बुकिंग नंबर हातात पडला की त्याच दिवशी गाडीच्या कंपनीला स्वतः ईमेल करा, एजंटमार्फत नाही.

परत आल्यावर जे सुरू झालं त्याची चीड जास्त आहे. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३०वर फोन केला तर म्हणे उशीर झाला, पैसे खात्यातून कधीच पुढे गेलेत. घराजवळच्या पोलीस ठाण्यात सांगितलं, ऑफिस वाशीत आहे, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणाले, पैसे ठाण्यातून पाठवलेत, आयुक्तालय वेगळं, तिकडेच तक्रार करा. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३मध्ये हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यायची तरतूद आहे. मी छापील कलम पुढे ठेवलं. साहेबांनी ते बाजूला सारलं आणि "हा दिवाणी मामला आहे" म्हणून साध्या अर्जावर शिक्का मारून दिला. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात, खातेदाराची माहिती पोलिसांचं पत्र आल्याशिवाय देणार नाही. पोलीस म्हणतात गुन्हाच दाखल नाही तर पत्र कशाच्या आधारावर देणार? मग सामान्य माणसाने जायचं कुठे? कर भरायचा, रांगेत उभं राहायचं, वर "एवढं शिकलेल्या असून" हे ऐकून घ्यायचं!

शेवटी ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि २०१९च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाखल करता येते. म्हणजे हद्दीच्या नावाखाली टोलवाटोलवी नाही. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असते तर निदान बँकेकडे व्यवहाराला हरकत तरी घेता आली असती.

त्याच भागातल्या एखाद्या ऑफिसात उन्हाळी सुट्टीसाठी कुणी पैसे भरले असतील तर आजच आयकराच्या पोर्टलवर टीसीएस जमा दिसतोय का बघा. नोंद उशिरा येऊ शकते, पण दिसत नसेल तर जायच्या तारखेची वाट न बघता गाडीच्या कंपनीकडे बुकिंग तपासा. यूपीआयचे संदर्भ क्रमांक आणि सगळं चॅटिंग जपून ठेवा आणि बुकिंग खोटं निघालं तर लगेच १९३० लावा.