शिंकेलच्या बर्लिनमधली पायी सफर

कार्ल फ्रीडरिश शिंकेल (१७८१–१८४१) या प्रशियन वास्तुकाराच्या इमारती दाखवणारी बर्लिनमधली मार्गदर्शकासोबतची पायी सफर मी नुकतीच केली. तिचा निम्मा वेळ आल्टेस म्युझियममध्ये गेला आणि ते योग्यच झाले. १८३० साली खुल्या झालेल्या या संग्रहालयाचे अठरा आयोनिक स्तंभ दुरून नुसतेच भारदस्त वाटतात; पण आत, रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिरावरून बेतलेल्या घुमटाखाली उभे राहून वरच्या गोल झरोक्यातला उजेड पुतळ्यांवर उतरताना पाहिला, की हा माणूस रंगभूमीचे नेपथ्यही का करत असे, हे आपोआप उमगते. नोये वाखे हे शिंकेलनेच उभारलेले जुने पहारा-ठाणे घाईघाईतच आटोपले.

तक्रार एकच आहे. ज्या बाउअकादमीच्या, म्हणजे वास्तुकलेच्या विद्यालयाच्या, वरच्या मजल्यावर शिंकेल राहत होता आणि जिथे त्याने अखेरचा श्वास घेतला, ती विटांची इमारत १९६२ मध्ये पाडली गेली. तिच्याविषयी मार्गदर्शकाने जेमतेम दोन वाक्ये सांगितली, तीही चालता चालता. कानातल्या यंत्राची खरखर निराळीच. तरीही, वास्तुकलेची थोडीफार आवड असणाऱ्याने ही सफर जरूर करावी, मात्र बाउअकादमीबद्दल आधी वाचून जावे.