सांगलीतील परिच्छेदलेखनाचा उन्हाळी वर्ग: एका पालकाचा अभिप्राय

राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीच्या वर्गापासून शिकवले जाऊ लागले, आणि चौथीतल्या मुलाला ‘माय स्कूल’वर दहा ओळी लिहिता येणे हे आता घराघरांत गृहीतच धरले जाते. माझ्या मुलीलाही त्या येत होत्या. एक ते दहा आकडे घालून ती त्या न चुकता लिहून दाखवी. मात्र चौथी ओळ आठव्या जागी नेली आणि आठवी दुसऱ्या जागी आणली, तरी मजकुराचे काहीही बिघडत नसे. वाक्ये बरोबर होती, पण एकमेकांची ओळख नसलेल्या प्रवाशांसारखी ती एका पानावर बसलेली होती. म्हणून यंदाच्या मे महिन्यात विश्रामबाग भागातील एका खासगी वर्गात, इंग्रजी परिच्छेदलेखनाच्या वीस दिवसांच्या शिकवणीला मी तिचे नाव घातले. पुढे काही तक्रारीही लिहायच्या असल्याने वर्गाचे नाव देत नाही.

पहिल्या आठवड्याचे काम उत्तम झाले. बाईंनी पहिल्या दिवशी वही उघडायलाच लावली नाही. भडंग कसे करतात, हे त्यांनी मुलांना मराठीतून सांगायला लावले आणि शेंगदाणे आधी तळायचे की लसूण आधी, यावर वर्गात चांगलाच वाद रंगला. त्यानंतर तीच कृती सात इंग्रजी वाक्यांत लिहिलेल्या कागदी पट्ट्या प्रत्येक गटाला मिळाल्या आणि त्या क्रमाने लावायच्या होत्या. सातपैकी एक पट्टी मुद्दाम घुसवलेली होती: ‘माय कझिन लिव्ह्ज इन पुणे’. व्याकरणाने निर्दोष असलेले हे वाक्य तरीही बाहेर काढायचे, ही कल्पना मुलांना नवी होती. माझ्या मुलीने त्याला ‘पाहुणं वाक्य’ असे नाव दिले आणि आता ती मराठी निबंधातही पाहुणी वाक्ये शोधत असते. मला हे विशेष महत्त्वाचे वाटते. क्रियापद कर्त्यापाठोपाठ आणणे, ‘द’ आणि ‘अ’ योग्य जागी घालणे, वाक्याचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत काढणे या खास इंग्रजीच्या अडचणी आहेत. पण कोणत्या वाक्यानंतर कोणते वाक्य यावे, हा विचार मुलाला स्वतःच्या भाषेत आधी जमला, तरच तो इंग्रजीत उतरतो.

मुख्य वाक्य, म्हणजे ज्याला टॉपिक सेंटेन्स म्हणतात ते, शिकवण्यासाठी बाईंनी कृष्णेवरचा आयर्विन पूल हा विषय घेतला होता. त्यांनी फळ्यावर तीन वाक्ये लिहिली. पूल १९२९ साली खुला झाला, हे पहिले. सांगली सुंदर शहर आहे, हे दुसरे. आणि कृष्णेचे पाणी चढू लागले की सांगलीकरांचे लक्ष आयर्विन पुलाकडे लागते, हे तिसरे. पहिल्या वाक्यानंतर सांगण्यासारखे फारसे उरत नाही आणि दुसऱ्यानंतर इतके काही सांगता येते की परिच्छेद कुठेही भरकटतो. तिसरे ऐकले की मात्र ‘का?’ असा प्रश्न आपोआप पडतो, आणि पुढची वाक्ये म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर. पुलापाशी चाळीस फुटांना इशारा पातळी आणि पंचेचाळीस फुटांना धोका पातळी असते, हे इथल्या मुलांना घरातल्या बोलण्यातून ठाऊक असतेच. त्यामुळे पूरक वाक्यांसाठी कोणालाही पेन्सिल चावत बसावे लागले नाही.

एक अडचण मात्र मला आधी कधीच जाणवली नव्हती. वाक्य संपले की पुढचे वाक्य नव्या ओळीवर, ही सवय मुलांच्या हाडीमाशी इतकी खिळलेली असते की, पूर्णविरामानंतर त्याच ओळीत उजव्या समासापर्यंत लिहीत जाणे त्यांना चक्क चुकीचे वाटते. चाररेघी वहीत पहिली ओळ बोटभर जागा सोडून सुरू करायची आणि पुढे ओळ भरेपर्यंत थांबायचे नाही, एवढ्यासाठी पूर्ण दोन दिवस गेले. काही पालकांनी त्यावर कुरकुर केली. मला ते दोन दिवस सत्कारणी लागले असे वाटते.

दुसऱ्या आठवड्यापासून वर्गाचा दर्जा घसरला. परदेशी पुस्तकातून छायांकित केलेली पाने वाटली गेली, त्यांत बर्फ पडल्यामुळे मिळालेली सुट्टी हा विषय होता आणि परिच्छेदाची रचना बर्गरच्या चित्रातून समजावली होती. रूपक वाईट नाही, पण वडापावाने तेच काम भागले असते. त्याहून खटकली ती वाक्ये जोडणाऱ्या चोवीस शब्दांची पाठ करायची यादी. भडंगाच्या कृतीत ‘फर्स्ट’, ‘नेक्स्ट’ सहज येतात, कारण तिथे काळाचा क्रम असतो. वर्णनाला मात्र वेगळा क्रम लागतो, हे न सांगताच यादी हाती दिल्यामुळे माझ्या मुलीने आजीवर लिहिले, ‘फर्स्टली, माय ग्रँडमदर इज काइंड. सेकंडली, शी हॅज ग्रे हेअर.’ आजीला ते वाचून दाखवले तेव्हा, पिकलेल्या केसांना दुसरा क्रमांक मिळाल्याबद्दल त्या खूप हसल्या.

प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी ‘दॅट इज व्हाय आय लाइक’ने सुरू होणारे वाक्य जोडण्याची सक्तीही अनाकलनीय होती. पाच ओळींच्या मजकुराला स्वतंत्र समारोप क्वचितच लागतो. शिवाय तपासणीत सुरुवातीला समासात ‘हे वाक्य इथे का?’ असे प्रश्न लिहून येत आणि मुले तोच परिच्छेद पुन्हा लिहीत. पण बावीस मुलांच्या वह्यांचा भार वाढत गेला, तसे केवळ स्पेलिंगभोवती लाल गोल उरले आणि पुनर्लेखन बंदच पडले.

अडीच हजार रुपये शुल्क पहिल्या आठवड्यासाठी योग्य आणि उरलेल्या दिवसांसाठी जास्त आहे. पाचपैकी तीन गुण देईन. इंग्रजीत स्वतःची चार-पाच साधी वाक्ये लिहू शकणाऱ्या तिसरी-चौथीच्या मुलांना येथे पाठवण्यास हरकत नाही, त्याहून लहान मुले नुसती पट्ट्या खेळून परततील. नाव घालण्यापूर्वी तपासलेली एखादी जुनी वही मागून पाहावी. आणि सकाळची तुकडी मिळाली तरच जावे, कारण दुपारी चारच्या वर्गात डोक्यावरचा पत्रा तापलेला असतो आणि पंखे दोनच आहेत.